देवबापा आणि देवबाप्पा

रात्री पावणेअकराला सूनबाईचा फोन आला की माझ्या पोटात आधी गोळा येतो. या वेळी तिने सुरुवातीलाच सांगितलं, "काही झालेलं नाही आई, घाबरू नका." मग जे सांगितलं त्याने मी हसत सुटले. त्यांच्या खराडीच्या सोसायटीत गणपतीची आरती झाली, सगळ्यांनी "मंगलमूर्ती मोरया" म्हटलं, आणि आमची साडेतीन वर्षांची नात हात जोडून, डोळे घट्ट मिटून, खणखणीत आवाजात म्हणाली, "आमेन!"

शेजारच्या काकूंनी कौतुकाने तिला एक मोदक जास्तीचा दिला. सूनबाईलाही हसू आवरेना. आमच्या चिरंजिवांचा चेहरा मात्र पडला. तिच्या हातून फोन घेऊन तो म्हणाला, "आई, आपण तिला नीट काही शिकवलंच नाही गं. तू एवढी वर्षं संडे स्कूल घेतलंस. काहीतरी लिहून दे ना. एक, दोन, तीन, चार असं."

एक, दोन, तीन, चार असं मला येत नाही. तेव्हा आठवेल तसं लिहिते. त्याने वाचावं, इतर कुणाला उपयोग झाला तर तेही बरंच.

माझी नोकरी बालवाडीची. आमच्या गावाचं नाव आता कागदोपत्री अहिल्यानगर झालंय, पण आम्हा म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून नगरच. त्या नगरात सत्तावीस वर्षं मी सोमवार ते शनिवार तीन ते पाच वर्षांची मुलं सांभाळली, आणि रविवारी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, त्याच वयाचा शिशुवर्ग. उपासना आत चालायची आणि आम्ही बाजूच्या ओट्यावर सतरंजी टाकून बसायचो. आतून पेटी-ढोलकी ऐकू आली की माझी अर्धी पोरं उठून नाचायला लागायची.

आता एक कबुली. बालवाडीच्या प्रशिक्षणात आम्हाला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ शिकवल्या होत्या. १९४५ साली बोर्डीला त्यांनी काम सुरू केलं, पुढे कोसबाडला, आदिवासी मुलांमध्ये. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, पानं-फुलं-खडे-शंख हेच साहित्य करायचं, मुलाच्या हाताला आधी काम द्यायचं आणि आपलं तोंड जरा कमी चालवायचं. सहा दिवस मी हे सगळं निष्ठेने करायचे. सातव्या दिवशी मात्र इस्त्रीची साडी नेसून ओट्यावर बसले की मी वेगळीच बाई व्हायचे. "हाताची घडी, तोंडावर बोट. मागच्या रविवारच्या गोष्टीचं तात्पर्य कोण सांगेल?" तीन वर्षांच्या पोराला तात्पर्य विचारणारी बाई! देवाचं काम म्हणजे गंभीर काम, असं काहीतरी डोक्यात बसलेलं. ते उतरायला दहाएक वर्षं गेली, आणि उतरवलं ते एका मुलाने.

जुलैचा महिना होता. मी नोहाची गोष्ट सांगितली. फ्लॅनेलच्या बोर्डावर तारू चिकटवलं, प्राणी चिकटवले, आणि माझ्या मते फार परिणामकारक आवाजात सांगितलं, की लोक वाईट वागले, देवाला राग आला, मग चाळीस दिवस आणि चाळीस रात्री पाऊस. पुढच्या रविवारी एका चार वर्षांच्या मुलाची आई मला शोधत आली. पोरगं आठवडाभर झोपलं नव्हतं. पत्र्यावर पाऊस वाजला की उठून बसायचं आणि विचारायचं, "मी काय केलं?" त्या माउलीने मला एका शब्दाने दोष दिला नाही. तिने दिला असता तर बरं, असं मला नंतर वाटत राहिलं.

तेव्हापासून शिशुवर्गात नोहा म्हणजे प्राण्यांच्या जोड्या, कबुतराच्या चोचीतलं जैतुनाचं पान आणि मेघधनुष्य. बाकीचं त्यांनी मोठं झाल्यावर आपलं आपण वाचावं. अब्राहाम आपल्या मुलाला, इसहाकाला, बळी द्यायला डोंगरावर नेतो ती गोष्ट मी सात वर्षांखालच्या मुलांना सांगतच नाही. कुणी म्हणालं, बाई, तुम्ही पवित्र शास्त्राला कात्री लावता. तर मी म्हणते, आपण बाळाला आधी पेज देतो, मग मऊ भात, दात आल्यावर भाकरी. त्यात भाकरीचा काय अपमान?

याच हिशेबात आणखी एक. "येशू बघतोय हं!" हे वाक्य घरातून हद्दपार करा. जेवत नाही, येशू बघतोय. खोटं बोललास, येशू बघतोय. बागुलबुवा परवडला, तो निदान वय वाढलं की जातो.

आता ज्या शब्दावर आमच्याकडे थोडं रामायण झालं त्या शब्दाकडे येते. आम्ही मोठी माणसं प्रार्थनेत "हे देवबापा" म्हणतो. देव जो बाप, तो देवबाप. आणि महाराष्ट्रातलं कुठलंही मूल बोलायला लागलं की आधीच "देवबाप्पा" म्हणत असतं, शेजारच्या घरातून, पाळणाघरातून, टीव्हीतून उचललेलं. त्यामुळे आमची पोरं डोळे मिटून "हे देवबाप्पा" असंच सुरू करतात. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, हे सुधारा, तो बाप्पा वेगळा. मी एक-दोन रविवार प्रयत्न केलाही. "बापा म्हण, बापा." पोरगी माझ्या ओठांकडे टक लावून बघायची, आणि प्रार्थना कुठल्या कुठे राहायची.

मग सोडून दिलं. एक प जास्त आहे, असू दे. ज्या मुलाला ख्रिस्ती घरात रोज मांडीवर घेऊन प्रार्थना होते, त्याचा देवबाप्पा हळूहळू आपोआप देवबापा होतो. आणि मुळात आमचे नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले तेव्हा अभंग-ओवी दारात सोडून आले नव्हते, बरोबर घेऊनच आले. आज मंडळीत म्हातारी माणसं डोळे मिटून डोलत जी पदं म्हणतात त्यांची चाल या मातीतलीच आहे. एवढं सगळं आपण पोटात घेतलं आणि एका प वर अडायचं?

गणपतीच्या मंडपातल्या "आमेन"चंही मला तसंच वाटतं. तिला एवढं कळलंय की माणसं एकत्र उभी राहून देवाशी बोलली की शेवटी आमेन म्हणायचं असतं. साडेतीन वर्षांत हे पुष्कळ झालं. तिने विचारलं तर सरळ सांगावं, ही त्यांची पूजा आहे, आपण तिथे शहाण्यासारखं उभं राहतो, आपली प्रार्थना आपल्या घरी आणि चर्चमध्ये असते. मोदकाचं काय, हा प्रश्न आमच्या घरात मध्यरात्रीपर्यंत चालला. मूर्तीला दाखवलेल्या नैवेद्यावर बायबलात पौलाने करिंथच्या मंडळीला पत्रातून अख्खा अध्याय लिहिलाय, आम्ही फोनवर जवळजवळ तेवढंच बोललो. काही मंडळींना ते चालत नाही, मला माहीत आहे, त्यांच्याशी मी भांडत नाही. पण पोरीच्या हातातून मोदक काढून घेऊन तिला पहिला ख्रिस्ती धडा द्यायला माझा जीव होणार नाही.

बरं, मग शिकवायचं कशाने? मुलगा विचारतोय तेही हेच.

भाकरीने, असं मी म्हणेन. प्रभूची प्रार्थना आम्ही मराठीत म्हणतो तेव्हा "आमची रोजची भाकर आज आम्हाला दे" असं म्हणतो. मोठ्यांच्या तोंडून हे वाक्य रेल्वेच्या घोषणेसारखं निघून जातं. एकदा मी शिशुवर्गात परात, बाजरीचं पीठ आणि तांब्यात पाणी घेऊन गेले. गॅस नेला नाही, ओट्यावर एवढी पोरं, जबाबदारी कुणाची! फक्त पीठ मळून थापायचं. प्रत्येकाने आपापल्या तळहाताएवढी भाकर थापली. काहींची फाटली, एकाने सगळी खाल्ली, कच्चीच. मग पीठ भरलेले हात तसेच जोडून आम्ही ती प्रार्थना म्हटली. "भाकर" आलं तेव्हा दहा-बारा पोरांनी डोळे उघडून आपापल्या भाकरीकडे पाहिलं. मी काहीही समजावलं नाही. एक मुलगा म्हणाला, "बाई, मी मॅगी मागू का?" माग बाबा. तो बाप आहे, द्यायचं की नाही ते तो बघेल. मॅगीच्या बाबतीत बहुतेक बाप तेच करतात.

याच प्रार्थनेत पुढे "आमची ऋणे आम्हांस सोड" येतं. ऋण हा शब्द त्या वयात कुठून कळणार? एक मुलगी अनेक महिने "आमची उन्हे सोड" म्हणत होती. एप्रिलमधलं नगरचं ऊन ज्याने पाहिलंय त्याला ती प्रार्थना पटेल. मी तिला सुधारलं नाही. सहा-सात वर्षांची झाल्यावर तिनेच एके दिवशी येऊन मला सांगितलं, "बाई, ते ऋण असतं, उन्हं नाही," आणि माझंच चुकत होतं अशा नजरेने पाहिलं.

पाठांतराविरुद्ध मी नाही, हे सांगून ठेवते. हल्ली शिकलेले आईबाप म्हणतात, अर्थ कळत नाही तर पाठ कशाला? आणि त्याच मुलाला इंग्रजी कविता अर्थ न कळता दहा पाठ असतात. शब्द आधी तोंडात रुळतात, अर्थ मागून येतो, कधी वीस वर्षांनी येतो. फक्त वचन छोटं हवं आणि बक्षिसाला बांधलेलं नको. आमच्या मिशनने १८७३ साली 'बालबोधमेवा' नावाचं मुलांचं मासिक काढलं. मुलांना वेगळं वाचायला हवं हे आपल्याकडे फार जुनं आहे. पण तीन वर्षांचं मूल वाचत नाही. ते चाटतं, हुंगतं, ओढतं.

म्हणून मेंढरांची गोष्ट. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही." तेविसावं स्तोत्र आम्ही बोर्डावर शिकवायचो, गोऱ्या मेंढपाळाचं चित्र, निळे डोळे, हातात काठी. नगरच्या पोरांना! ज्यांच्या रस्त्यावर मेंढरांचा कळप आडवा आला की एसटी दहा मिनिटं थांबते. एका वर्षी दिवाळीनंतर गावाबाहेर एका शेतात धनगरांनी मेंढरं बसवली होती. शेतकऱ्याला खत मिळतं, त्यांना धान्य-पैसे. मी दोन आयांना बरोबर घेऊन नऊ पोरं तिथे नेली. जाळीच्या आत मेंढरं, बाहेर कुत्री, घोड्यावर लादलेला संसार, आणि त्याच सामानात दोन दिवसांचं कोकरू, फक्त डोकं बाहेर. पोरांना घोड्यापेक्षा, कुत्र्यांपेक्षा ते कोकरूच दिसलं. ते चालू शकत नाही म्हणून त्याला उचलून नेतात, हे ऐकल्यावर एक मुलगी माझ्याकडे बघत हात वर करून उभी राहिली. मलाही उचल.

मी त्या धनगरबाबांना विचारलं, एखादं हरवलं तर? ते म्हणाले, "जावंच लागतं की हुडकाया." आणि बाकीची? "बाकीची बसत्यात." एवढंच. एक हरवलेलं शोधायला मेंढपाळ नव्याण्णव मेंढरं सोडून जातो, त्या येशूच्या दाखल्यावर मी आयुष्यात पुष्कळ उपदेश ऐकले, पण नव्याण्णवांचं काय झालं हे मला त्या दिवशी कळलं.

पुढे पुण्यात एका कॅथलिक सिस्टरांची ओळख झाली. त्यांना हे सांगितलं तर त्यांनी मला सोफिया काव्हालेत्तींबद्दल सांगितलं. या बाई हिब्रूच्या अभ्यासक. १९५४ साली रोममध्ये त्यांनी माँटेसरीच्या शिक्षिका जान्ना गोब्बी यांच्यासोबत लहान मुलांसाठी एक पद्धत सुरू केली, उत्तम मेंढपाळाच्या नावाने ओळखली जाणारी. लाकडी मेंढपाळ, लाकडी मेंढरं, छोटा कोंडवाडा, आणि मुलाच्या हातात ते सगळं. त्यांना दिसलं ते असं की तीन ते सहाच्या मुलांना "मग आपण कसं वागावं" यात रस नसतो. त्यांना हवं असतं ते एवढंच की तो मेंढरांना नावाने ओळखतो. वागण्याचा प्रश्न सहानंतर, आपोआप येतो. मला तर हरखून गेल्यासारखं झालं. माँटेसरीबाई १९३९ साली भारतात आल्या, महायुद्धाची वर्षं इथेच राहिल्या, आणि आमच्या ताराबाईंचं काम त्यांच्याच पद्धतीवर उभं राहिलेलं. म्हणजे माझ्या सोमवारच्या बाई आणि रविवारच्या बाई एकाच घरच्या निघाल्या, आणि मीच दहा वर्षं त्यांना एकमेकींना भेटू दिलं नव्हतं.

त्यानंतर मी हजेरी घेणं बदललं. रजिस्टर बाजूला ठेवून प्रत्येकाजवळ जाऊन, गुडघ्यावर बसून, नाव घेऊन "आलास का?" म्हणायचं. वेळ लागतो. पण काही मुलांच्या बाबतीत रविवारचा तोच मुख्य कार्यक्रम असतो असं मला वाटतं.

नाताळचं थोडं सांगते. नातीला तो सण म्हणजे केक, चांदणी आणि लाल टोपीवाले आजोबा एवढाच माहीत होता. मी तिला गोष्ट सांगायला बसले, "तिने त्याला बाळंत्याने गुंडाळून गव्हाणीत ठेवले," आणि ती म्हणाली, "गव्हाणी म्हणजे?" खराडीत गव्हाण कुठून असणार? मागच्या डिसेंबरात तिला माझ्या भावाच्या गोठ्यात नेलं. गव्हाणीत कडबा होता. तिने आपली बाहुली माझ्या जुन्या पातळाच्या तुकड्यात गुंडाळून त्यात ठेवली आणि पुढे काय होतं ते बघत उभी राहिली. गाईने मान खाली घातली, हुंगलं, आणि पातळाचा तुकडा ओढून चावायला घेतला. असा आक्रोश! बाहुली काढली, लाळेने भिजलेली. दोन दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सांगत होती, "येशूबाळाला गाईने चाटलं, त्याची आई कुठे गेली होती?" चारही शुभवर्तमानं मी कितीदा वाचली असतील, मरिया त्या रात्री बाळापासून गाईला कशी दूर ठेवत होती हा विचार मला कधी शिवला नव्हता. बाळंतीण बाई, तिला झोप तरी लागली असेल का?

गुड फ्रायडेबद्दल एकच. लहान मुलांना क्रूसाची गोष्ट सांगायची तर त्याच बैठकीत रिकाम्या कबरेपर्यंत जा. मोठ्यांना तीन दिवस थांबता येतं. लहानांना रविवार म्हणजे किती लांब हेही कळत नाही. खिळ्यांचं वर्णन तर अजिबात नको.

आणि आता मुलाला जे ऐकायला आवडणार नाही ते. बाळा, बाप्तिस्म्याच्या दिवशी पाळकसाहेबांनी विचारलं तेव्हा तू आणि सूनबाईने "होय" म्हटलंत, आम्ही मंडळीनेही म्हटलं. ते संडे स्कूलच्या बाईंनी एकटीने म्हटलं नव्हतं. आठवड्यातला एक तास मी घेते, उरलेले एकशे सदुसष्ट तुमचे. बायबलातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात देवाच्या वचनांबद्दल लिहिलंय, घरी बसलेले असता, मार्गाने चालत असता, निजता, उठता त्यांविषयी बोलत जा. त्यात चर्चचं नाव नाही. तुमच्या बाबतीत मार्ग म्हणजे कंपनीत जाताना पाळणाघरापर्यंतची ती वीस मिनिटं. तेवढी पुरतात.

मी त्याला त्या रात्री विचारलं, तुला लहानपणचं काय आठवतं? मला वाटलं, म्हणेल तू सांगितलेल्या गोष्टी, फ्लॅनेलचा बोर्ड, नाटकात तू केलेला मागी राजा. थोडा वेळ गप्प राहिला. म्हणाला, "बाबांचे गुडघे." यांना गुडघ्याचा त्रास होता. रात्री पलंगाशी प्रार्थनेला टेकायचे तेव्हा कट्कन आवाज व्हायचा. हा अंथरुणात झोपेचं सोंग घेऊन तो आवाज ऐकायचा आणि मग झोपायचा. हे काय पुटपुटायचे ते त्याला कधी ऐकू आलं नाही. यांना जाऊन आता सहा वर्षं झाली, नातीने आजोबांना पाहिलेलं नाही. मी काही बोलले नाही. तोही बोलला नाही. सूनबाई मागून म्हणाली, "अहो, उद्या ऑफिस आहे."

त्यानंतर आम्ही एक सुरू केलंय. रोज रात्री आठला व्हिडिओ कॉल. मी इकडे पलंगावर, ती तिकडे बाबाच्या मांडीवर. मी एक ओळ म्हणते, बाबा एक ओळ म्हणतो, मग तिची पाळी. काल तिची प्रार्थना अशी झाली: "हे देवबाप्पा, आईला बरं कर, आईला काही झालं नाहीये पण कर. गाईला बाळंतं देऊ नको. काकूंना मोदक दे. मला सायकल दे, लाल. आजोबांचे गुडघे बरे कर. आमेन." आणि लगेच लाल बटण दाबून फोन बंद. मला शुभ रात्री म्हणायचं राहूनच गेलं.